खुर्ची तीच, भाव निराळा

गेल्या माघांत चार दिवस महाबळेश्वरास एका स्नेह्यांच्या घरीं राहण्याचा योग आला. घर जुन्या वळणाचें व तिघां भावांचें एकत्र. थोरल्या अण्णांच्या हातीं जमाखर्च, आणि सर्वांच्या वर ब्याऐंशी वर्षांच्या माई. घरामागें स्ट्रॉबेरीचे वाफे. माईंच्या एका नातीचें लग्न वैशाखांत दिल्लीस व्हावयाचें होतें. घरांतून सात माणसें निघणार होतीं. माईंना आगगाडीचा लांबचा प्रवास आतां सोसत नाहीं, म्हणून पसरणीच्या घाटानें मोटारीनें पुण्यास उतरावें व लोहगांवाहून पुढें विमानानें जावें, असें ठरलें. तिकिटें काढण्याचें काम अर्थातच धाकट्या पुतण्याकडे आलें.

रात्रीं जेवणें झाल्यावर त्यानें आपल्या फोनवर पाहून सांगितलें, "अण्णाकाका, माणशीं ४,८०० रुपये पडतील." अण्णांनीं वहींत सात माणसांचे ३३,६०० मांडले. सकाळीं पुतण्या प्रत्यक्ष तिकिटें काढावयास बसला, तों भाव माणशीं ६,२०० झालेला! एकूण ४३,४००. रात्रीच्या आणि सकाळच्या हिशेबांत ९,८०० रुपयांचें अंतर. अण्णा म्हणाले, "रात्रीं एक आणि सकाळीं एक? अरे, तूं नीट पाहिलेंस तरी कां, कीं मध्यें कोणाचें कांहीं आहे?" शेवटचे शब्द ते हळू बोलले, पण ऐकावयाचे त्यानें ऐकले. तो कांहींएक न बोलतां उठला आणि वाफ्यांकडे निघून गेला. माजघरांत एकदम शांतता पसरली.

दुसऱ्यांच्या घरच्या गोष्टींत पाहुण्यानें पडूं नये, हें आम्ही जाणतों. परंतु येथें पुतण्याही खरा होता आणि दोन्ही आकडेही खरे होते, हें आम्हांस दिसत होतें. तेव्हां गप्प बसणें बरें वाटलें नाहीं. आम्हीं त्याच फोनवर एकाच माणसासाठीं तेंच विमान पाहिलें. भाव ४,८०० च होता! सात माणसें लिहितांच तो ६,२०० झाला. हा चमत्कार नव्हे, कीं लबाडीही नव्हे. यामागें एक पद्धति आहे, आणि विमानानें जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबानें ती समजून घ्यावी, अशी आमची वाचकांस विनंती आहे.

एस. टी. च्या गाडींत साताऱ्याचें तिकीट पहिल्या उतारूस जें पडतें, तेंच शेवटच्यास पडतें. विमानांत तसें नसतें. समजा, विमानांत १८० खुर्च्या आहेत. खुर्च्या सगळ्या सारख्या. पण कंपनीनें त्यांचे कागदावर आठ-दहा वर्ग पाडलेले असतात आणि प्रत्येक वर्गास रोमन लिपींतील एक अक्षर दिलेलें असतें. साध्या दर्जांतील सर्वांत महाग, पूर्ण भाड्याच्या वर्गास बहुतेक कंपन्या 'वाय' म्हणतात. त्याच्या खालीं बी, एम, के, क्यू, टी इत्यादि सवलतीचे वर्ग येतात. वरच्या, म्हणजे व्यापारी दर्जाचें पूर्ण भाडें बहुधा 'जे' या अक्षरानें दाखवितात, आणि पहिल्या दर्जाचें 'एफ' नें. मधल्या अक्षरांचा क्रम मात्र प्रत्येक कंपनीचा निराळा असतो. एका कंपनीचा 'के' स्वस्त, तर दुसरीचा महाग असूं शकेल. म्हणून अक्षरें पाठ करण्यांत अर्थ नाहीं. पद्धति ध्यानांत धरावी.

तिकिटें विकणाऱ्या दलालाच्या यंत्रावर या अक्षरांपुढें एकेक आकडा दिसतो. आमच्या स्नेह्यांच्या विमानाची ओळ कशी असेल, तें समजण्यापुरतें मांडतों: वाय ९, बी ९, एम ९, के ७, क्यू ३, टी ०. याचा अर्थ असा कीं, टी वर्ग बंद झाला. क्यूच्या भावानें तीनच तिकिटें मिळतील. केच्या भावानें सात. ९ चा अर्थ मात्र नऊच असा नव्हे, तर नऊ किंवा त्याहून अधिक. यंत्र त्यापुढें मोजून दाखवीत नाहीं. आणखी एक गोष्ट अशी कीं, हे आकडे एकमेकांत मिळवावयाचे नसतात. केच्या सातांत क्यूच्या तीन जागा धरलेल्याच असतात. स्वस्त वर्गाची जागा महाग भावानें केव्हांही विकतां येते. महाग वर्गासाठीं राखलेली जागा स्वस्तांत मिळत नाहीं. मोठ्या डब्यांत लहान डबा, त्यांत त्याहून लहान, अशी ती रचना आहे.

आतां पुतण्याचा उलगडा होतो. रात्रीं त्यानें एका माणसाचा भाव पाहिला, तेव्हां क्यूमध्यें जागा होती. सकाळीं त्यानें सात जागा एकदम मागितल्या. क्यूमध्यें सात नव्हत्या. अशा वेळीं बहुतेक ठिकाणीं यंत्र तीन जागा स्वस्त व चार महाग असे दोन तुकडे आपण होऊन पाडीत नाहीं. ज्या वर्गांत सातही जणांस जागा आहे, तेथवर तें चढतें आणि तोच भाव सर्वांस लावतें. एकत्र जाण्याची ही किंमत! एकत्र कुटुंबांना हिचा फटका अधिक बसावा, हें उघड आहे.

कंपन्या असें कां करितात? याचें उत्तर आम्हीं अण्णांस त्यांच्याच वाफ्यांत दाखविलें. पहाटे तोडलेली स्ट्रॉबेरी सकाळच्या भावानें संध्याकाळीं जात नाहीं. दुसऱ्या दिवशीं तर मुळींच नाहीं. तरी उरल्या फळाचा मुरंबा किंवा सरबत होतें. विमानाच्या खुर्चीचा मुरंबाही होत नाहीं. विमानानें जमीन सोडली, कीं रिकामी खुर्ची कायमची वायां गेली. म्हणून दोन महिने आधीं येणाऱ्या गिऱ्हाइकास कांहीं जागा स्वस्तांत द्यावयाच्या, आणि आयत्या वेळीं अडून येणाऱ्या, वाटेल तें देण्यास तयार असलेल्या उतारूसाठीं कांहीं राखून ठेवावयाच्या, असा हा खेळ आहे. मे महिन्यांत येथल्या हॉटेलांतील खोलीस जो भाव येतो, तो श्रावणांतल्या पावसांत येत नाहीं, हें महाबळेश्वरकरांस कोणी शिकवावयास नको.

किती जागा राखावयाच्या, याचें गणितही आहे. ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेज कॉर्पोरेशन या कंपनींतील केन लिटलवुड यांनीं १९७२ सालीं तें मांडलें. स्वस्त तिकीट ४,००० चें व महाग १०,००० चें असेल, तर शंभरांत चाळिसांहून अधिक वेळां महाग गिऱ्हाईक येण्याचा संभव असलेली जागा राखून ठेवावी. संभव त्याहून कमी असेल, तर ती आजच ४,००० ला देऊन टाकावी. इतकेंच तें तत्त्व. तें अमलांत आणण्यास मोठीं गणकयंत्रें लागत. अमेरिकन एअरलाइन्सनें आय. बी. एम. च्या साहाय्यानें उभारलेली 'सेबर' ही आरक्षणाची व्यवस्था १९६४ मध्यें पूर्णपणें चालूं झाली होती. १९७८ मध्यें अमेरिकेंत भाड्यावरील सरकारी नियंत्रण उठविण्याचा कायदा झाला आणि या पद्धतीस मोकळें रान मिळालें. आपल्याकडे १९५३ पासून विमानें सरकारी महामंडळांच्या हातीं होतीं. तो कायदा १९९४ मध्यें रद्द झाला आणि खासगी कंपन्यांबरोबर ही अक्षरें आपल्या घरांपर्यंत आलीं. महामारीच्या काळांत, मे २०२० पासून ऑगस्ट २०२२ अखेरपर्यंत, देशांतील भाड्यास सरकारनें खालची व वरची मर्यादा घातली होती. आगगाडीनेंही हा धडा गिरविला आहे. सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी व दुरांतो गाड्यांत दर दहा टक्के जागा विकल्या गेल्या, कीं मूळ भाडें दहा टक्क्यांनीं वाढविण्याची पद्धति सुरू झाली. तिच्यांत वाढ ठरलेल्या पायऱ्यांनीं होते. विमानांत पायऱ्या कंपनी आपल्या इच्छेनें हलविते.

हें सर्व समजल्यावर गृहस्थानें काय करावें? आमच्या मतें चार गोष्टी कराव्यात.

पहिली ही, कीं भाव पाहतांना प्रथम एका माणसाचा पाहावा, मग दोघांचा, मग तिघांचा. असें चढत जावें. ज्या आकड्यावर भाव एकदम उडी मारील, त्याच्या आदल्या आकड्याइतक्याच जागा स्वस्त वर्गांत उरल्या आहेत असें समजावें. दलालाचें यंत्र जें अक्षरांत सांगतें, तें घरबसल्या असें कळतें. "या भावाच्या दोनच जागा शिल्लक" असें फोनवर दिसलें, म्हणजे विमान भरलें असें मानून घाबरूं नये. बहुधा तो एक वर्ग संपत आलेला असतो. उलट, बैठकींच्या नकाशांत रिकाम्या खुर्च्या दिसल्या, म्हणून विमान रिकामें आहे असेंही समजूं नये. पुष्कळ उतारूंनीं तिकिटें घेतलेलीं असतात, पण खुर्ची निवडलेली नसते.

दुसरी गोष्ट हिशेबाची. तीन तिकिटें ४,८०० प्रमाणें १४,४०० आणि चार ६,२०० प्रमाणें २४,८००, मिळून ३९,२००. सातही एकदम घेतलीं असतीं, तर ४३,४००. दोन भाग केल्यानें ४,२०० रुपये वांचतात. मात्र दोन्ही भाग लागोपाठ काढावे. पहिलीं तीन काढून दुसरीं चार उद्यांवर टाकलीं, तर मधल्या वेळांत वरचा वर्गही संपूं शकतो.

तिसरी गोष्ट पैशांहून महत्त्वाची आहे. दोन भाग केले, कीं आरक्षणाचे क्रमांक दोन होतात, आणि कंपनीच्या दृष्टीनें तीं दोन निराळीं कुटुंबें होतात. विमान रद्द झालें, तर एका भागास सकाळचें विमान मिळेल व दुसऱ्यास रात्रीचें. म्हणून वृद्ध माणूस किंवा लहान मूल ज्या भागांत असेल, त्यांत एक तरी हिंडताफिरता, बोलता-चालता मोठा माणूस असलाच पाहिजे. चाकाच्या खुर्चीची मागणी वृद्धाच्याच आरक्षणावर नोंदवावी, आणि दुसरा क्रमांक कंपनीस कळवून ठेवावा. दोन वर्षांच्या आंतील मूल मांडीवर बसतें. त्याला निराळी खुर्ची लागत नाहीं, म्हणून तें जागांच्या मोजणींत धरूं नये. त्याचें नांव मात्र तिकिटावर घालावेंच लागतें.

चौथी गोष्ट अशी, कीं अक्षराबरोबर अटीही बदलतात. शेजारी शेजारी बसलेल्या दोघांपैकीं एकाचें तिकीट रद्द केल्यास बहुतेक पैसे परत मिळतील आणि दुसऱ्याचे जवळजवळ सर्व बुडतील, असें होऊं शकतें. तारीख बदलण्याचा दंड आणि कधीं कधीं सामानाचें वजनही निराळें असतें. तिकिटावर वर्गाच्या अक्षरानें सुरू होणारी एक लांब खूण असते. तिच्यांत पुष्कळदां ७, १४ किंवा २१ असा आकडा आढळतो. इतके दिवस आधीं तिकीट घेण्याची अट आहे, असा त्याचा बहुधा अर्थ असतो. ज्याचें जाणें निश्चित, त्यानें स्वस्त वर्ग घ्यावा. ज्याच्या प्रकृतीचा किंवा रजेचा भरंवसा नाहीं, त्याला थोडा महाग वर्गच अखेरीस स्वस्त पडतो.

हें सर्व अण्णांनीं शांतपणें ऐकून घेतलें. मग ते स्वतः उठून वाफ्यांकडे गेले. तेथें काय बोलणें झालें, तें आम्हांस ठाऊक नाहीं व विचारण्याचें कारणही नव्हतें. थोड्या वेळानें दोघे परत आले. माई, पुतण्या व त्याची आई असे तिघे एका आरक्षणांत, आणि अण्णा, त्यांच्या पत्नी व दोन मुलें दुसऱ्यांत, अशी वांटणी ठरली. माईंचें तिकीट तेवढें महाग वर्गांतलें घ्यावें काय, अशी अण्णांनीं शंका काढली, तोंच माई म्हणाल्या, "नातीच्या लग्नाला मी जाणार आहेंच. रद्द करावयाचें बोलूंच नका." त्यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. दुपारच्या जेवणाच्या आंत सातही तिकिटें निघालीं. अण्णांनीं वही उघडली, आणि या वेळीं आकडे स्वतः न मांडतां ती पुतण्यापुढें सरकविली.

वाचकहो, पैशाचा हिशेब ज्याच्या त्याच्या समजुतीप्रमाणें चार रुपये इकडे-तिकडे होईल. पण एकत्र कुटुंब ज्यावर उभें असतें, तो विश्वास असा एका अक्षरापायीं जाऊं देऊं नये. घरांतल्या मुलानें रात्रीं एक आकडा सांगितला आणि सकाळीं दुसरा, तर पहिला संशय त्याच्यावर घेऊं नये. किती जागा मागितल्या होत्या, तें आधीं विचारावें.