स्पोर्ट्स मोटार : विकत घ्यावी की लीजवर?

ज्या नगरच्या दौंड रस्त्यावरील कायनेटिकच्या कारखान्यातून 1972 पासून लूना बाहेर पडू लागली, त्याच नगरात आज व्यापाऱ्यांची मुले ताशी अडीचशे किलोमीटर पळणाऱ्या मोटारींच्या गोष्टी करतात. यात चिडण्यासारखे काही नाही. बापाने लूनावर वसुली केली, मुलाला मस्टँग हवी आहे. पिढी बदलली की हौस बदलते. प्रश्न हौसेचा नाही, हिशेबाचा आहे.

मार्केट यार्डातील एका परिचित आडत्याचा मुलगा गेल्या महिन्यात कागदांची फाईल घेऊन आला. मोटारीची किंमत 80 लाख. एका बाजूला बँकेचे कर्ज, दुसऱ्या बाजूला एका फायनान्स कंपनीचा लीजचा, म्हणजे भाडेपट्ट्याचा प्रस्ताव. "चाचा, लीजमध्ये जीएसटी परत मिळतो, सगळे भाडे खर्चात टाकता येते, आणि व्याजही द्यावे लागत नाही," असे त्याला सांगण्यात आले होते. या तीन वाक्यांपैकी एकच अर्धवट खरे आहे आणि आपल्या अनेक वाचकबंधूंनाही हीच तीन वाक्ये ऐकवली जात असणार, म्हणून हा प्रपंच.

आधी जीएसटी. तेरापर्यंत आसनांच्या प्रवासी मोटारीवर भरलेल्या जीएसटीची वजावट साध्या व्यापाऱ्याला मिळत नाही. टॅक्सी चालवणारा, मोटारी विकणारा किंवा ड्रायव्हिंग स्कूलवाला असेल तर गोष्ट वेगळी. हीच बंदी लीजच्या भाड्यावरील जीएसटीलाही लागू आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या इंजिनाच्या मोटारींवर हा कर 40 टक्के झाला आणि चालकाशिवाय दिलेल्या मोटारीच्या भाड्यावरही वस्तूचाच दर लागतो. म्हणजे भाडे 1 लाख 30 हजार ठरले तर खिशातून जाणार 1 लाख 82 हजार, आणि त्यातले काहीही परत येणार नाही.

दुसरी गोष्ट रस्ता कराची. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरील 20 लाखांहून महाग पेट्रोल मोटारीला एकरकमी 13 टक्के कर आहे. कंपनीच्या नावावर तीच मोटार घेतली तर 20 टक्के. लीजची मोटार फायनान्स कंपनीच्या नावावर चढते. 80 लाखांवर हा फरक 5 लाख 60 हजारांचा होतो आणि कंपनी तो आपल्या खिशातून भरत नाही, भाड्यात मिसळते. आडत्याच्या मुलाच्या फाईलमध्ये याचा उल्लेखही नव्हता.

भाडे खर्चात टाकता येते हे अर्धे खरे. विकत घेतली तर आयकरात दरसाल 15 टक्के घसारा आणि कर्जाचे व्याज मिळते. लीजवर घेतली तर भाडे मिळते. पण दोन्हीकडे अट एकच आहे, मोटार धंद्यासाठी वापरली पाहिजे. दोन आसनांच्या मोटारीतून कांद्याची किती पोती यार्डात आणली, असे अधिकाऱ्याने विचारले तर काय सांगणार?

आता मुख्य हिशेब. आकडे समजण्यापुरते धरले आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत. रस्ता करासह मोटार पडली 90 लाख 40 हजारांना. त्यांपैकी 60 लाख साडेनऊ टक्क्यांनी चार वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे 1 लाख 51 हजार आणि एकूण व्याज 12 लाख 36 हजारांच्या आसपास. विमा, सर्व्हिसिंग, टायर मिळून चार वर्षांत 10 लाख धरा. बेरीज 1 कोटी 12 लाख 76 हजार. लीजमध्ये विमा व देखभाल भाड्यातच आहे असे मानले तर 1 लाख 82 हजार गुणिले 48, म्हणजे 87 लाख 36 हजार. फरक साधारण 25 लाखांचा. चार वर्षांनंतर ही मोटार 25 लाखांच्या वर विकली गेली तर विकत घेणारा फायद्यात. त्याहून खाली गेली तर लीजवाला शहाणा.

म्हणजे सारा प्रश्न जुन्या मोटारीच्या भावावर येऊन थांबतो. चालू कंपनीची, सर्व्हिस मिळणारी 80 लाखांची मोटार चार वर्षांत 25 लाखांवर सहसा येत नाही. पण कंपनीच देशातून गेली तर? फोर्डने मस्टँग 2016 मध्ये 65 लाखांना भारतात आणली आणि 9 सप्टेंबर 2021 रोजी येथील मोटार उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. सर्व्हिसची सोय पुढे ठेवली हे खरे, पण घोषणेनंतर गिऱ्हाईक भाव पाडूनच बोलते. गोव्यातून 1998 मध्ये आलेली सॅन स्टॉर्म आणि पुण्याची डीसी अवंती या आपल्याकडच्या दोन हौशी मोटारींचेही आयुष्य मोठे ठरले नाही. नगरकराला तर फार लांब पाहायला नको. कायनेटिकने 2018 मध्ये मोटोरॉयल नावाखाली इटली, ब्रिटन व कोरियाच्या महागड्या मोटारसायकली आणल्या, जोडणीसाठी नगरचाच कारखाना होता. त्यांतील ब्रिटनची नॉर्टन कंपनी जानेवारी 2020 मध्ये डबघाईला आली आणि एप्रिलमध्ये टीव्हीएसने ती विकत घेतली. अशा वेळी ज्याच्या नावावर गाडी, त्याच्या माथी तोटा.

यासाठीच लीज असते. भाव पडण्याची जोखीम मोटारीच्या मालकाने घ्यायची आणि वापरणाऱ्याने त्याबद्दल थोडे जास्त भाडे द्यायचे. मग फाईल उघडून पाहिली. चौदाव्या पानावर बारीक अक्षरांत कलम होते : मुदतीअखेर मोटार ठरावीक किमतीला विकली गेली नाही तर तुटीची रक्कम भाडेकरूने भरावी. आणखी एक होते. मोटार चोरीला गेली किंवा मोडून पडली तरी उरलेली सर्व भाडी देय राहतील. म्हणजे मालकी कंपनीची, आणि जोखीम मात्र सगळी आडत्याच्या मुलाची! हे लीज नव्हे, लीजचा सदरा घातलेले कर्ज आहे. भाड्याच्या रकमेतून व्याजाचा दर काढला तर तो बँकेहून जास्तच निघाला.

व्याज टाळण्यासाठी लीजकडे वळणाऱ्या वाचकांनी येथे विशेष थांबावे. इजारा हा व्यवहार फिक्हमध्ये मान्य आहे तो मालकाने मालकीची जोखीम स्वतःकडे ठेवली म्हणून. वस्तू भाडेकरूच्या चुकीशिवाय नष्ट झाली तर भाडे थांबते. वरील कलमांचा करार करून व्याजापासून सुटलो असे कोणी समजत असेल तर त्याने केवळ शब्द बदलला आहे. आपल्याकडे बँकांच्या पातळीवर याला पर्यायही उभा राहिला नाही. रिझर्व्ह बँकेने इस्लामी बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचा निर्णय 2017 मध्ये जाहीर केला. तेव्हा कराराचे कलम वाचण्याची जबाबदारी आपलीच.

माझे मत विचाराल तर ते जरा जुन्या वळणाचे आहे. कर्ज काढून हौसेची मोटार घेऊ नये. रोख पैसा खरोखर शिल्लक असेल तर तीन-चार वर्षे वापरलेली, चालू कंपनीची घ्यावी. पहिल्या मालकाने मोठी घसरण सोसलेली असते. घेताना आरसीवरील बोजा उतरला आहे का आणि चासी क्रमांक जुळतो का, हे स्वतः पाहावे. लीज घ्यायची तर तूट कंपनीने सोसावी, हे लेखी असेल तरच. आणि रोख 90 लाख ओतण्याआधी हेही पाहावे की तोच पैसा हंगामात यार्डात फिरला तर काय देतो. मोटार वर्षभर उभी राहून भाव गमावते.

उभी राहते असे मुद्दाम म्हटले. नगर-मनमाड रस्त्याचे खड्डे जिला सोसतील अशी स्पोर्ट्स मोटार अजून कोणी काढलेली नाही; तिचे पोट गतिरोधकालाच घासते. जिल्ह्यात तिला मोकळे पळता येईल असा एक पट्टा आहे, कोपरगाव तालुक्यातून जाणारा समृद्धी महामार्ग. 11 डिसेंबर 2022 रोजी नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला. तेथेही मर्यादा ताशी 120 आहे, आणि तेवढ्या वेगाने साधी सेडानही जाते. आपल्याच गावच्या व्हीआरडीईमध्ये वाहनांच्या चाचणीचा ट्रॅक आहे, पण तो आडत्यांच्या मुलांसाठी बांधलेला नाही. वर्षातून दहा दिवस हौस भागवायची असेल तर पुण्या-मुंबईत रोजच्या भाड्याने अशा मोटारी मिळतात. मुलगा यावर हसला. दारात उभ्या असलेल्या मोटारीची सर त्याला नाही, असे म्हणाला. ते त्याचे खरे आहे.

तरीही त्याने माझा एक सल्ला मानला. तुटीचे आणि चोरीचे अशी दोन्ही कलमे काढून नवा मसुदा द्यावा, असे फायनान्स कंपनीला लेखी कळवले. तीन आठवडे झाले. फोन रोज येतो, सवलतीची मुदत संपत आली असे सांगितले जाते, मसुदा मात्र आलेला नाही. मधल्या काळात वडिलांनी मोटारीसाठी बाजूला काढलेल्या रकमेतले 15 लाख कांद्याच्या खरेदीला लावले आहेत.