पातेलं एक, परहेज तीन



घरात एकच आजारी माणूस असला तर त्याचं परहेज सांभाळता येतं. पण एकाला जे गुणाचं, तेच दुसऱ्याला अपायाचं, असं झालं की स्वयंपाक करणाऱ्याची खरी परीक्षा सुरू होते. नेरूळच्या आमच्या घरात सध्या हेच चाललं आहे. अब्बांना मधुमेह आणि रक्तदाब. अम्मींची मूत्रपिंडं कमजोर. दहावीतल्या लेकीचं हिमोग्लोबिन कमी. तिघांचे डॉक्टर वेगळे, तिघांचे कागद वेगळे. लेकीच्या कागदावर पालक, डाळ, खजूर भरपूर. अम्मींच्या कागदावर तेच सगळं जपून.

सुरुवातीलाच आमच्याकडून मोठी चूक झाली. अब्बांना मीठ कमी करायला सांगितलं, म्हणून आम्ही कमी सोडियमचं मीठ आणलं आणि सगळ्यांच्याच जेवणात वापरू लागलो. पुढच्या तपासणीत अम्मींच्या रक्तात पोटॅशियम वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी गोळ्या पाहिल्या, फळांची चौकशी केली आणि मग विचारलं, "घरात मीठ कोणतं वापरता?" घरी येऊन पाकीट पाहिलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं, पोटॅशियम क्लोराइड.

अशा मिठात सोडियमचा काही भाग कमी करून त्याजागी पोटॅशियम घातलेलं असतं. मूत्रपिंडं चांगली असली की जादा पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. ती कमजोर असली की ते रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये या मिठाबद्दल मार्गदर्शन दिलं, त्यातूनही मूत्रपिंडाचे रुग्ण वगळले आहेत. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढतं, म्हणून इतरांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ सुरू करू नये. आजाऱ्याला भेटायला येणारे प्रेमाने शहाळं आणतात, त्यातही पोटॅशियम भरपूर असतं. अम्मींसाठी आलेलं शहाळं आता लेक पिते. अल्लाहचे आभार, आम्हाला वेळेत कळलं.

मग घाबरून आम्ही तीन पातेली चढवू लागलो. सकाळी शाळा गाठायची, त्यात तीन स्वयंपाक. आम्ही थकलो ते थकलोच, पण अम्मींचं जेवणही तुटलं. त्या आपली फिकी वाटी घेऊन स्वयंपाकघरातच बसू लागल्या. एकदा लोणच्याच्या बरणीत बोट घालताना दिसल्या, तेव्हा आम्ही रागावलो. त्या एवढंच म्हणाल्या, "दस्तरखानावर सगळ्यांचं एक आणि माझं एक. मला पाहुण्यासारखं वाटतं गं."

त्या दिवसापासून पातेलं पुन्हा एकच झालं. कांदा, आलं, लसूण, धणे, मिरी यांच्यावर सालन शिजवतो, मीठ मात्र अजिबात घालत नाही. शिजलं की आहारतज्ज्ञांनी ठरवून दिलं तेवढंच गोश्त किंवा दिवाळ्याच्या बाजारातली मासळी अम्मींच्या वाटीत काढतो आणि वरून लिंबाचे चार थेंब पिळतो. मग बाकीच्यात साधं मीठ, तेही हात राखून. मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभराहूनही कमी मीठ असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शेवटी लेकीच्या वाट्यात पालक किंवा मसूर. तिलाही लिंबू, कारण त्याने लोह अंगी लागतं. जेवणाबरोबरचा चहा मात्र बंद, त्याने लोह कमी शोषलं जातं.

बटाटा करायचाच झाला तर सोलून, बारीक चिरून भिजवतो, भरपूर पाण्यात उकळतो आणि ते पाणी फेकून देतो. पोटॅशियम बरंच कमी होतं. अम्मींना तांदळाची भाकरी चालते, अब्बांना ज्वारीची. पण कोकणी माणूस तो, तांदळाच्या भाकरीचा वास आला की अब्बा वळून बघणारच. जुम्म्याच्या दिवशी एक लहानशी त्यांनाही मिळते.

रमजानमध्ये अम्मींना रोजे ठेवता येत नाहीत. आजाऱ्याला अल्लाहने सवलत दिली आहे. त्या फिदया देतात. तरी इफ्तारला त्या आमच्यासोबतच बसतात आणि लेकीच्या हातात खजूर देतात.

लेक सुरुवातीला कुरकुरायची, "आज पण फिकं?" तेव्हा अब्बांनी तिला सांगितलं की प्रेषित (स.) जेवणाला कधी नावं ठेवत नसत, आवडलं तर खात, नाही तर राहू देत. आता ती स्वतःच सालन चाखायच्या आधी विचारते, "दादीची वाटी काढली का?"

तुमच्या घरातही असे दोन-तीन कागद असतील तर ते एकत्र करून एकाच डॉक्टरांना दाखवा, आणि जाताना मिठाचं पाकीट बरोबर न्यायला विसरू नका.