बैलाला दाखला, पोराला शाबासकी

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपले की आपल्याकडे पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात, त्याचा कडू रस जिभेला लावतात आणि मगच फराळाच्या ताटावर बसतात. प्रस्तुत लेख हे तसेच एक कारीट आहे. वाचकांनी जिभेला लावावे, तोंड वेडेवाकडे करावे आणि मग खुशाल करंजीकडे वळावे.

गोष्ट आमच्या शिनोलीच्या पंचक्रोशीतली आहे. घोडनदीच्या काठी भाताची खाचरे कापून मोकळी झाली आणि गावोगावच्या यात्रा जवळ आल्या की इकडे दोन खेळांना ऊत येतो. एक बैलगाड्यांचा आणि दुसरा टेनिसच्या चेंडूवरच्या क्रिकेटचा. दुसऱ्याचा थाट हल्ली पहिल्याहून कमी राहिलेला नाही. पुढाऱ्यांच्या नावाचे चषक, खेळाडूंचे लिलाव, रात्री प्रकाशझोत, घरबसल्या मोबाइलवर थेट प्रक्षेपण आणि ध्वनिक्षेपकावर अखंड बोलणारा एक समालोचक!

दोन वर्षांपूर्वीच्या अशाच एका स्पर्धेत माझा एक जुना विद्यार्थी गोलंदाजी करीत होता. वय बावीस. त्या आधीच्या उन्हाळ्यात त्याचा उजवा खांदा दुखावला होता. हाडवैद्याकडे जाऊन लेप झाला, पट्टा झाला, औषधांच्या दुकानातून विचारून आणलेल्या गोळ्या झाल्या. वर्षभर तो घरी बसला आणि मग, ज्याला आमचे वृत्तपत्रकार 'दमदार पुनरागमन' म्हणतात, ते करायला मैदानात उतरला. पहिल्या दिवशी तीन सामने, दुसऱ्या दिवशी आणखी दोन. समालोचक ओरडत होता, "बघा, बघा, आपला झहीर परत आला!" लोक शिट्ट्या मारीत होते. मीही टाळ्या वाजविल्या, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवशीच्या दुसऱ्या सामन्यात चेंडू हातातून सुटला आणि तो खांदा धरून खाली बसला. समालोचकाने अर्धा मिनिट हळहळ व्यक्त केली आणि पुढचा गोलंदाज कोण ते जाहीर केले.

मी त्याला भेटायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "गुरुजी, झहीर नाय का आला परत? तुम्हीच शाळेत सांगितलं व्हतं."

खरे होते ते. मीच सांगितले होते. पडतो, उठतो आणि जिंकतो असा नायक कादंबरीकाराला हवाच असतो आणि मास्तराला तर तो बोधकथेसाठी फुकटात मिळतो. पण त्या दिवशी मला उमगले की मी अर्धीच गोष्ट सांगितली होती. आज सबंध सांगतो.

झहीर खान हा श्रीरामपूरचा, म्हणजे आपल्याच नगरकडच्या उसाच्या पट्ट्यातला मुलगा. १९७८ सालचा जन्म. लहान गावातून मुंबईत आला आणि डाव्या हाताच्या वेगवान गोलंदाजीवर २००० साली भारताकडून खेळला. त्याच्या कारकिर्दीत त्याचे शरीर किती वेळा मोडले आणि तो किती वेळा परतला, याची यादी लांब आहे. संघातून वगळला गेला, तेव्हा २००६ साली इंग्लंडात वूस्टरशायर परगण्याकडून खेळायला गेला आणि एका हंगामात ७८ बळी घेऊन आला. पुढच्याच वर्षी नॉटिंगहॅमच्या कसोटीत त्याने नऊ बळी घेतले. २००९ साली डावा खांदाच दुखावला, शस्त्रक्रिया झाली. त्या वर्षाच्या अखेरीस तो परतला आणि मुंबईच्या ब्रेबॉर्न मैदानावर श्रीलंकेच्या दुसऱ्या डावात त्याने ७२ धावांत पाच बळी घेतले. २०११ च्या विश्वचषकात त्याचे बळी २१. अंतिम सामन्यात त्याची पहिली तीन षटके निर्धाव होती.

येथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पुढची कोणी सांगत नाही.

त्याच वर्षी जुलैत लॉर्ड्‌सवर तो मांडी धरून मैदानाबाहेर गेला. पुन्हा उपचार, पुन्हा पुनरागमन. पस्तिशी गाठत आल्यावर तो फ्रान्समध्ये जाऊन कित्येक आठवडे केवळ शरीर घडवीत राहिला आणि २०१३ च्या डिसेंबरात पुन्हा कसोटी खेळला. २०१४ च्या फेब्रुवारीत वेलिंग्टनला न्यूझीलंडच्या एका डावात त्याने ५१ षटके टाकली, पाच बळी घेतले. ती त्याची शेवटची कसोटी ठरली. त्यानंतरही त्याने आणखी एक प्रयत्न केला. व्यायामशाळेत घाम गाळला. आणि १५ ऑक्टोबर २०१५ रोजी त्याने जाहीर केले, की दिवसाला अठरा षटके टाकण्याचा भार आपला खांदा आता सोसणार नाही, सबब आपण थांबतो. ३११ कसोटी बळींचा धनी, त्या वेळी भारतीय वेगवान गोलंदाजांत कपिलदेवच्या खालोखाल असलेला, स्वतःच्या खांद्याचे ऐकतो आणि थांबतो! माझ्या मते त्याच्या साऱ्या बळींइतकीच ही गोष्ट मोठी आहे. आणि नेमकी हीच गोष्ट मी वर्गात सांगितली नव्हती.

कोणी म्हणेल, आधीची पुनरागमने तरी जिद्दीचीच ना? जिद्दीची होतीच. पण एकट्या जिद्दीची नव्हती. त्यामागे शल्यविशारद होते, तपासण्या होत्या, रोज खांद्याला हात लावून 'आज इतकेच' असे बजावणारे जाणकार होते, आणि मुख्य म्हणजे खेळला नाही तरी घरची चूल पेटती राहील एवढी बेगमी होती. यांतले काय होते आमच्या पोरापाशी? जिद्द तेवढी होती. आम्ही नाटकातला एकच प्रवेश पाहिला आणि पोराला म्हटले, 'चल, कर सबंध नाटक!'

हा रोग आपलाच आहे असे नव्हे. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे, त्यात चेंडू फेकणाऱ्याच्या कोपरावर आणि खांद्यावर सगळा भार. टॉमी जॉन नावाच्या फेकणाऱ्याच्या कोपराचा स्नायुबंध १९७४ साली तुटला. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्याच दुसऱ्या हातातली शिर काढून तुटल्या जागी बसविली. यश येण्याची आशा शंभरात एक, असे डॉक्टर म्हणाले होते. तो १९७५ चा सबंध हंगाम बसून राहिला, १९७६ साली परतला आणि १९८९ पर्यंत, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत खेळला. त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ विजय शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. त्याच देशात सँडी कूफॅक्स नावाचा त्याहून गाजलेला फेकणारा १९६६ साली २७ सामने जिंकून, ऐन तिशीत, कोपराच्या संधिवातापायी खेळ सोडून घरी गेला. उद्या हात वाकविता येणार नाही, ही किंमत त्याला मान्य नव्हती. अमेरिकन माणसाने दोघांनाही थोर मानले. परतणारा शूर आणि थांबणारा भित्रा, अशी वाटणी केली नाही.

आणि ते लोक पुढे काय शिकले ते पाहा. टॉमी जॉनची शस्त्रक्रिया इतकी प्रसिद्ध झाली की कोवळी पोरे तिच्या मेजावर येऊन पडू लागली. तेव्हा मुलांच्या स्पर्धांत फेकींची मोजदाद सुरू झाली. लिटल लीग या त्यांच्या बालसंघटनेने २००७ पासून नियमच केला. अकरा-बारा वर्षांच्या मुलाने एका दिवसात ८५ च्या वर चेंडू फेकायचे नाहीत, आणि ६६ किंवा त्याहून अधिक फेकले तर पुढे चार दिवस सक्तीची विश्रांती. एक वही, एक पेन्सिल आणि मोजायला बसलेला एक माणूस, एवढाच काय तो खर्च!

आमच्याकडचे आयोजक यावर हसतात. म्हणतात, "गुरुजी, टेनिसचा चेंडू केवढा हलका! आणि एका सामन्यात गोलंदाजाला षटके तरी किती? दोन!" युक्तिवाद ऐकायला गोड आहे. पण दिवसाला सामने किती? आठवड्यात स्पर्धा किती? संध्याकाळी इथले आटोपून तोच मुलगा रात्री प्रकाशझोतात दुसऱ्या गावी खेळतो ती षटके कोणाच्या हिशेबात? शिवाय चेंडू हलका असला म्हणून हात हलका होत नाही. चेंडू सुटून जातो, पण वाऱ्यासारखा फिरलेला हात थांबवायचा असतो, आणि तो थांबविण्याचे काम खांद्यामागचे लहान लहान स्नायू करतात. बैलगाडीला उतारावर रोखून धरणाऱ्या बैलासारखी त्यांची गत असते. त्यांना विश्रांती मिळाली नाही की ते फाटतात. फाटल्यावर त्यांना ओढून 'बसविणे', दुखरी जागा गोळीने बधिर करून पुन्हा खेळणे, यासारखा आत्मघात नाही.

बैलांचे नाव निघालेच आहे, तर सांगतो. बैलगाड्यांच्या शर्यतींवर ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. डिसेंबर २०२१ मध्ये त्या अटींवर पुन्हा सुरू झाल्या आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने त्यांना कायमची मान्यता दिली. आमचा जुन्नर-आंबेगाव भाग तेव्हा गुलालाने न्हाऊन निघाला. पण अटी काय आहेत? जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. धाव हजार मीटरच्या आत हवी. चाबूक नको, काठी नको, विजेचा धक्का नको. बैलांना विश्रांती हवी आणि शर्यतीआधी जनावरांच्या डॉक्टरचा दाखला हवा, की हा बैल धावण्यास लायक आहे. या अटी योग्यच आहेत. मुक्या जिवाची काळजी घ्यावी यात वावगे काय?

पण त्याच यात्रेत, त्याच गावात, बैलगाड्याच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर पोरे खेळत असतात. त्यांना कोणाचा दाखला लागतो? कोण तपासतो? विश्रांती कोण मोजतो? बैल लंगडला तर धन्याला जाब विचारतात. पोरगा लंगडला तर त्याला शाबासकी देतात, नारळ देतात, आणि मंडप उतरवितात. बैल मुका म्हणून त्याच्यासाठी कायदा झाला. पोराला वाचा आहे, हाच त्याचा अपराध, कारण त्या वाचेने तो म्हणतो, "काय नाय व्हत, टाकतो अजून एक ओव्हर!"

आता दुसरा आक्षेप. "गुरुजी, गरिबाच्या पोराला हीच एक वाट आहे. ती तरी अडवू नका." हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. श्रीरामपुराहून मुंबईला वाट जाते, हे खरे आहे. पण गरिबाच्या पोराचे भांडवल ते काय? दोन हात. आमच्याकडे कांद्याची गोणी उचलायची तर हात लागतो, टोमॅटोचे कॅरेट गाडीत चढवायचे तर हात लागतो, चिखलात भात लावायचा तर हात लागतो. श्रीमंताच्या मुलाचा खांदा निकामी झाला तर एक छंद जातो. आमच्या पोराचा गेला तर मजुरी जाते. म्हणूनच ज्याच्यापाशी कमी आहे त्याचे जास्त जपले पाहिजे. गरिबीचे नाव पुढे करून त्याचे हात जुगारावर लावण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला?

आणि आपण प्रेक्षक! २००६ च्या मार्चमध्ये वानखेडे मैदानावर सचिन तेंडुलकरला त्याच्याच मुंबईकरांनी हुर्यो केली, हे आठवते ना? कोपराची शस्त्रक्रिया सोसून परतलेला तो माणूस खांद्याच्या दुखण्याने बेजार होता, त्याच महिन्यात त्याच्या खांद्यावरही शस्त्रक्रिया झाली. २०१० साली त्याने ग्वाल्हेरला एका दिवसाच्या सामन्यात दोनशे धावा काढल्या तेव्हा तेच आपण पेढे वाटले. दुखणाऱ्या माणसाला हुर्यो आणि बऱ्या झालेल्याला पेढे, ही आपली रसिकता! घरातल्या आजारी माणसाशी आपण असे वागतो काय?

मी स्पर्धा बंद करा म्हणत नाही. मैदान ओस पडले तर पोरे कुठे जातील हे मला ठाऊक आहे. मागतो ते फार थोडे आहे. प्रत्येक स्पर्धेत गोलंदाजाच्या षटकांची वही असावी, आणि आदल्या दिवशी दुसऱ्या गावी टाकलेली षटकेही तीत मांडावीत. अठरा वर्षांखालच्या मुलाला दिवसाला दोनांहून अधिक सामन्यांत चेंडू देऊ नये. बक्षिसाच्या रकमेतला काही हिस्सा उपचारांसाठी वेगळा काढावा. दुखापतीतून उठलेल्या खेळाडूने डॉक्टरची चिठ्ठी आणल्याखेरीज त्याला उतरवू नये. बैलाला लागतो तो दाखला माणसाला लागावा, एवढेच! आणि आम्हां मास्तरांनी झहीरची गोष्ट सांगावी ती शेवटच्या पानापर्यंत सांगावी.

त्या पोराला मी नंतर पुण्याला दाखवून आणले. डॉक्टरांनी सांगितले, वर्षापूर्वी आला असता तर नुसत्या व्यायामाने भागले असते. वाटेत त्याची आई एकच वाक्य बोलली. "गुरुजी, तवाच का नाय कोणी थांब म्हणलं?"

गेल्या दिवाळीत मी त्यांच्या घरी फराळाला गेलो होतो. अंगणात आकाशकंदील लावायचा होता. त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. धाकटी बहीण स्टुलावर चढली, त्याने खालून डाव्या हाताने दोरी धरली. कंदील छान लागला. त्याची आई मात्र घरात निघून गेली होती, आणि तिच्या प्रश्नाचे उत्तर मला अजून द्यायचे आहे.