कोंबडी कापताना पोटात काय पाहावे

पाहुणा आला, देवाचे काम निघाले किंवा बाजाराला पैसा कमी पडला, की आपल्या गडचिरोली-चांद्याकडच्या घरात पहिला हात कोंबडीकडे जातो. कोणती कापायची हे मात्र बहुधा हाताला कोण लागते यावर ठरते. मग पोट फाडल्यावर पिवळ्या बलकांचा घोस निघतो आणि घरची बाई हळहळते. अंड्यावरची कोंबडी गेली!

आधी जादा कोंबडे कापावेत. दहा माद्यांमागे एक नर पुरतो. मादीच कापायची तर तिला काखेत धरून अंड्याच्या वाटेच्या दोन्ही बाजूंची हाडांची टोके चाचपावी. मध्ये दोन-तीन बोटे मावली, जागा मऊ-ओलसर लागली, तुरा लालबुंद असला, तर ती अंडी देते आहे. जेमतेम एक बोट मावले आणि तुरा सुकलेला असला, तर अंडी बंद आहेत. खुडूक बसलेली किंवा पिसे झडत असलेलीही अशीच लागते, पण ती पुन्हा अंड्यावर येते. तिला सोडावी.

कापायच्या आदल्या रात्री दाणा बंद करावा, पाणी ठेवावे. गळ्याखालची दाण्याची पिशवी व आतडी रिकामी राहिली की मांस घाण होत नाही. सुरी धारदार हवी. बोथट सुरीने जीव उगीच तडफडतो आणि रक्तही नीट वाहून जात नाही. शेपटीच्या बुडावरची तेलाची गाठ कापून टाकावी, तिचा वास लागतो.

आता पोटाकडे वळू. कलेजी काळपट तांबडी, सारख्या रंगाची असावी. तिला चिकटलेली हिरवी पिशवी पित्ताची. ती फुटली तर मांस कडू होते, म्हणून थोड्या कलेजीसकट काढावी. पोट्यात, म्हणजे पेठ्यात, खडे सापडतात. कोंबडीला दात नाहीत, ती दाणा या खड्यांनीच दळते. पोट्याच्या अलीकडे एक लहान मऊ पोट असते. ते आपण न बघता फेकतो. ते चिरून धुऊन पाहावे. आत रक्ताचे बारीक ठिपके दिसले तर राणीखेतीचा, म्हणजे मानमोडीचा, संशय धरावा. आतड्यात पांढरे दोऱ्यासारखे जंत असले तर उरलेल्या कोंबड्यांनाही औषध हवे. आतड्याच्या शेवटी दोन बंद नळ्या असतात. त्यांत रक्त दिसले तर पिलांना रक्ती हगवणीचा धोका आहे. कलेजीवर पांढरे ठिपके असले किंवा ती फुगलेली असली तर ती कोंबडी खाऊ नये.

हे सारे धडधाकट दिसणाऱ्या कोंबडीबद्दल झाले. आपल्याकडे मात्र वेगळीच रीत आहे. मरगळलेली दिसली की ‘मरायच्या आधी कापून घ्या’ म्हणतात आणि पिसे-आतडी उकिरड्यावर टाकतात. तिथेच शेजारच्या कोंबड्या उकरतात आणि आठवड्यात सारी वाडी रिकामी होते. रोग पसरवायचा याहून सोपा मार्ग नाही. एकाच वेळी तीन-चार मरू लागल्या, मान मुरडू लागली, हिरवी हगवण लागली, तर एकही कापू नये, बाजारात नेऊ नये. ती राणीखेत की बर्ड फ्लू, हे डोळ्यांनी कळत नाही आणि बर्ड फ्लू माणसालाही बाधू शकतो. देशात तो पहिल्यांदा फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच राज्यात, नवापूरला सापडला. जानेवारी २०२५ मध्ये तर ब्रह्मपुरी तालुक्यातल्या मांगली गावी आला. मेलेल्या कोंबड्यांना उघड्या हातांनी शिवू नये. पशुवैद्यकीय दवाखान्यात वर्दी द्यावी आणि ते सांगतील तसे चुना टाकून खोल पुरावे.

राणीखेतीवर औषध नाही, लस आहे. पिलू आठवड्याचे होताना लासोटाचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, पुढे सहा-आठ आठवड्यांनी आर-टू-बीची सुई. लस नेहमी निरोगी पक्ष्यांनाच द्यावी. अडचण अशी की कुपी बहुधा शंभर पक्ष्यांची असते आणि घरी असतात आठ-दहा. म्हणून कोणी एक कुपी आणत नाही. त्यासाठी टोल्यातल्या दहा घरांनी मिळून दिवस ठरवावा, लस बर्फात घालून आणावी, कालवल्यावर दोन तासांत संपवावी. कोंबड्या पहाटे खुराड्यातून सोडण्याआधीच द्यावी. एकदा मोहाखाली पांगल्या की दुपारपर्यंत हाती लागत नाहीत.