शेवटच्या ओळीतले सत्य

आपण पडलो कलाशाखेचे. यंत्रांशी आपला संबंध काय, असे कोणी म्हणेल. मला मात्र ‘कोलंबिया’ यानाच्या अपघातात भाषेचाही अपराध दिसतो. जानेवारी २००३ मध्ये उड्डाणावेळी फोमचा तुकडा यानाच्या डाव्या पंखावर आदळला. कल्पना चावलांसह सातहीजण अंतराळात असतानाच अभियंत्यांनी वरिष्ठांपुढे टिपण मांडले. मथळा दिलासा देणारा. आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, खरी गोष्ट : चाचणीतला तुकडा ३ घन इंचांचा, आदळलेला अंदाजे १९२० घन इंचांचा! म्हणजे ६४० पट. खोटे त्यात काहीच नव्हते. पण घाईतले वरिष्ठ मथळाच वाचतात, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते काय? १ फेब्रुवारीला परतताना यान फुटले, सारे गेले. चौकशी मंडळाने त्या मांडणीवरही बोट ठेवले. सारांशलेखनाच्या तासाला हे टिपण फळ्यावर लिहून दाखवावे, अशी प्राध्यापकांना माझी विनंती आहे.