पावसाळ्यातलं खुराडं

मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की आमच्या खुलताबादच्या गल्ल्यांमध्ये खुराड्यांचा वास सुटतो. उन्हाळाभर कोणाच्या घरी किती कोंबड्या आहेत हे फक्त पहाटेच्या बांगेवरून कळत होतं. आता ते नाकाला कळू लागतं. गाव पठारावर आहे. पावसाळ्यात धुकं उतरतं, दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि तटाच्या आतली जुनी घरं भिंतीला भिंत लावून उभी आहेत. एकाच्या परसातलं खुराडं म्हणजे दुसऱ्याच्या न्हाणीची खिडकी. शेतातल्या वस्तीवर कोंबडी पाळणं वेगळं आणि मोहल्ल्यात पाळणं वेगळं.

वास आला की बहुतेक घरांत फिनेल ओतलं जातं. दोन तास फिनेलचा वास येतो, मग दोन्हींचा मिळून येतो, आणि तो आधीच्यापेक्षा वाईट. फिनेलसोबत आपण एक बादली पाणीही ओतलेलं असतं, आणि खरं दुखणं त्या पाण्यातच आहे.

कोंबडीला लघवी वेगळी नसते. शिटेवर जो पांढरा भाग दिसतो तीच तिची लघवी, म्हणजे युरिक ॲसिड. शीट पटकन वाळली तर ती तशीच पडून राहते आणि तिला जवळजवळ वास नसतो. ओल मिळाली की जिवाणू कामाला लागतात आणि त्या पांढऱ्या भागाचा अमोनिया होतो. एसटी स्टँडच्या मुतारीत डोळ्यांना झोंबतो तोच हा वायू. आता हिशेब करून पाहा. मोठी कोंबडी दिवसाला साधारण 100 ते 120 ग्रॅम दाणा खाते आणि त्याच्या दुप्पट पाणी पिते. तिची दिवसाची ओली शीट 100 ग्रॅमच्या वर भरते आणि त्यात पाऊण हिस्सा पाणी असतं. दहा कोंबड्या म्हणजे पावसाचा एक थेंबही आत न येता रोज पाऊण लिटर पाणी जमिनीवर सांडणं झालं. वैशाखात ते उडून जातं. आषाढात त्याला वाट आपण करून द्यावी लागते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या मोहल्ल्यात यावरून प्रकरण बरंच वाढलं. एका खालांकडे चौदा कोंबड्या होत्या. बेवा बाई, मुलगा बाहेरगावी मजुरीला. गावठी अंडं फार्मच्या अंड्यापेक्षा चांगल्या भावानं जातं. त्या पैशांत त्यांची रक्तदाबाची गोळी आणि नातीच्या वह्या निघतात, कोणापुढे हात पसरावा लागत नाही. शेजारच्या घरी लेक बाळंतपणाला आलेली. बाळ वीस दिवसांचं, आणि बाळंतिणीच्या खोलीची एकुलती एक खिडकी नेमकी खुराड्यावर उघडणारी. खिडकी लावली तर घुसमट, उघडली तर वास. शेजारच्या भाभी एकदा म्हणाल्या, दोनदा म्हणाल्या. शेवटी, “खाला, कोंबड्या तुमच्या अंगणात आहेत, पण वास आमच्या बाळाच्या झोळीत येतो,” असं म्हणून त्यांनी गोष्ट मशिदीच्या जिम्मेदार मंडळींच्या कानावर घातली. निरोप आला की पुढच्या जुम्म्याच्या आत कोंबड्या विका.

भर पावसात चौदा कोंबड्या एकदम विकायच्या म्हणजे येणारा व्यापारी काय भाव देणार, हे सांगायला नको. आणि एकदा विकल्या की खाला पुन्हा घेणार नव्हत्या.

त्या दिवशी भाभी आणि मी, दोघी ओढणी नाकाला लावून त्या खुराड्यात वाकलो. खाला आळशी नव्हत्या. रोज सकाळी त्या खुराडं पाण्यानं धूत होत्या, बिचाऱ्या दिवसातून दोनदासुद्धा. पण वर स्वयंपाकघराच्या पत्र्याची पागोळी थेट खुराड्याच्या तोंडाशी गळत होती. पाण्याचं पसरट पातेलं जमिनीवर होतं, कोंबड्या त्यात पाय घालून चिखल करत होत्या. वारा जायला फक्त दार, आणि थंडी लागू नये म्हणून त्यावर गोणपाट. चार फूट बाय चार फुटांत चौदा जीव.

मग जे केलं त्याला पैसे फारसे लागले नाहीत. धुणं बंद केलं. ओला थर खरवडून काढला आणि फरशी एक दिवस तशीच वाळू दिली, तोवर कोंबड्या डालग्यांखाली. घरातलाच जुना पत्रा पुढे दोन फूट वाढवला, त्यामुळे पागोळी गटारात गेली. पूर्वेच्या बाजूला वरच्या अंगाला दोन विटा काढून तिथे जाळी बसवली. आपल्याकडे पावसाचा मारा पश्चिमेकडून असतो, त्यामुळे खुराड्याची उघडी बाजू पूर्वेला असली तर पाणी आत येत नाही आणि सकाळचं ऊन येतं. पाण्याचं भांडं अरुंद तोंडाचं घेतलं आणि विटांवर कोंबडीच्या पाठीच्या उंचीला ठेवलं. एवढ्यानंच निम्मी ओल गेली. पाच कोंबड्या खालांनी आपखुशीनं, घाई न करता विकल्या. रात्रीच्या खुराड्यात एका कोंबडीला दोन चौरस फूट तरी जागा लागते, त्यामुळे नऊही तिथे थोड्या जास्तच. चौथ्या दिवशी भाभींनी खिडकी उघडली. जुम्म्याला तो विषय कोणी काढला नाही.

यात मला भाभींची बाजू खालांइतकीच खरी वाटते. रोज त्याच हवेत राहणाऱ्याचं नाक सरावतं, अमोनियाच्या बाबतीत तर फार लवकर. म्हणून आपल्याला वास येत नाही ही काही साक्ष नव्हे. शेजारी वास येतो म्हणाला की येतो. शेजाऱ्याच्या हक्काची ताकीद दीनमध्ये किती आहे हे या मासिकाच्या वाचकांना मी वेगळं सांगत नाही.

घरोघरी चालेल अशी मुख्य युक्ती दोन गोष्टींची आहे, दांडी आणि गादी. कोंबडी मगरिबनंतर उंचावर बसू पाहते, हा तिचा स्वभावच. बाभळीची किंवा निलगिरीची मनगटाएवढी जाड दांडी दीड-दोन फूट उंचीवर आडवी बसवा. दिवसभरातली निम्मी शीट ती रात्री तिथेच बसून टाकते, म्हणजे निम्मी घाण एका ओळीत मिळते. दांडीखाली रिकामी सिमेंटची गोणी पसरून तिच्यावर कोरडी माती टाकायची. फजरनंतर कोंबड्या बाहेर सोडल्या की गोणी गुंडाळून खड्ड्यात झटकायची. पाच मिनिटांचं काम आहे.

उरलेल्या जमिनीवर तीन बोटं जाडीची कोरडी गादी हवी. पुस्तकांत भाताचं तूस लिहिलेलं असतं, ते आपल्या भागात कुठून आणायचं? आपल्याकडे सुताराकडचा रंध्याचा भुसा आहे, भुईमुगाची टरफलं आहेत, मक्याची बिटं कुटून घेता येतात, आणि काहीच नसलं तर वाळलेला पाला. मात्र ही बेगमी मे महिन्यातच करायची. दोन-तीन पोती कोरड्या जागी भरून ठेवली तर पावसाळा निघतो. करवतीचा अगदी बारीक भुसा लहान पिल्लांखाली नको, ती खातात. आठवड्यातून दोनदा गादी काठीनं वर-खाली करायची. तिची परीक्षा मुठीची आहे. मूठभर घेऊन दाबा, हात उघडल्यावर मोकळी झाली तर ठीक, लाडू वळला तर तेवढा भाग काढून नवा टाका. आणि रोज सकाळी एकदा कोंबडीच्या उंचीपर्यंत वाकून श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर तिचे रात्रभर चुरचुरत होते असं समजा. अशा हवेत कोंबड्यांना सर्दी-खोकल्याचे रोग लवकर धरतात आणि अंडीही कमी होतात.

चुन्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण सल्ला सगळेच देतात. नवसागर आणि चुना तळहातावर चोळून वास घेण्याचा प्रयोग शाळेत पुष्कळांनी केला असेल. नाकात झणका जातो, तो अमोनिया. ओल्या शिटेवर चुना टाकला की तेच होतं, आतला अमोनिया एकदम उसळतो. चुलीच्या राखेचा गुणही काहीसा तसाच. म्हणून आधी ओलं काढायचं, जागा सुकू द्यायची आणि मग चुना. तोसुद्धा भिंतींना सफेदी म्हणून, फटी बुजतील असा, कोंबड्या बाहेर असताना. फटींमधल्या उवा-पिसवा त्यानं मरतात. ब्लीचिंग पावडर मात्र शिटेवर कधीही टाकू नका. तिच्यातला क्लोरीन आणि अमोनिया मिळून जो वायू होतो तो माणसाच्या छातीलाही वाईट.

पाकीचा प्रश्नही इथेच येतो. हनफी फिकहमध्ये कबुतराच्या आणि कोंबडीच्या शिटेचा हुकूम एक नाही. कोंबडीची शीट गलीज नजासतमध्ये मोडते. तेव्हा खुराड्याच्या चपला वेगळ्या, त्या उंबऱ्याच्या बाहेर, आणि झाडताना घालायचा जुना कुर्ताही वेगळा. नमाजच्या कपड्यांची काळजी मिटते आणि रोगही घरात येत नाही. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीनं चोच घातलेलं पाणी वजूला मकरूह सांगितलं आहे. वजूच्या बादलीवर झाकण ठेवायची जुन्या बायांची सवय त्यातूनच आली असावी.

कोंबडी घाण खाते म्हणून नाक मुरडणारे आपल्यातही आहेत. सहीह बुखारीत हजरत अबू मूसा अश्अरी (रजि.) यांच्या दस्तरख्वानावरची हकीकत आहे. एक माणूस कोंबडी खायला तयार नव्हता, त्यानं तिला काहीतरी घाण खाताना पाहिलं होतं. हजरतांनी त्याला जवळ बोलावलं आणि आपण स्वतः रसूलुल्लाह (स.अ.) यांना कोंबडी खाताना पाहिल्याचं सांगितलं. त्याच वेळी, घाणीवर वाढलेली कोंबडी जिबह करण्यापूर्वी हजरत इब्न उमर (रजि.) तीन दिवस बांधून ठेवत, अशीही रिवायत आहे. म्हणजे ती काय खाते याची जबाबदारी पाळणाऱ्यावर आहे. बकरीदनंतर आतडी-चरबीचे तुकडे कोंबड्यांपुढे टाकायची पद्धत मला मुळीच आवडत नाही. निम्मं त्या खातात, निम्मं गादीत पुरलं जाऊन सडतं. माशीला अंड्यापासून उडायला गरम दिवसांत आठ-दहा दिवस पुरतात. शिळा भात, पोळीचे तुकडेही अर्ध्या तासात संपतील एवढेच टाका, उरलेले उचला. दाणा रात्री आत ठेवला तर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप.

मर लागली तर मात्र ही सफाई पुरत नाही. मानमोडीची लस वेळेवर लागतेच, ती पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्यावी. एकदम चार-पाच कोंबड्या माना टाकू लागल्या तर घाईघाईनं जिबह करून खाऊ-वाटू नका आणि मेलेल्या नाल्यात फेकू नका. दवाखान्यात कळवा. 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच राज्यात नवापूरला निघाला होता, आणि 2021 च्या जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंबा गावात तो पुन्हा आला. आपल्या मराठवाड्यातलीच गोष्ट आहे. खुराडं झाडताना नाकाला फडकं आणि नंतर साबणानं हात, हे मुलांनाही लावून द्या. अंडी गोळा करायला तीच जातात.

राहिलं ते खत. ताजी शीट झाडाच्या बुंध्याशी टाकली तर मुळं जळतात, ती फार उष्ण असते. परसाच्या कोपऱ्यात, शेजाऱ्याच्या भिंतीपासून लांब, दोन फुटांचा खड्डा घ्या. एक पाटी शीट-गादी, वर दोन पाट्या वाळका पाला, वर मातीचा पातळ थर, आणि पावसापासून वरून झाकण. दोन-तीन महिन्यांत काळं, भुरभुरीत, बिनवासाचं खत होतं. सीताफळाला आणि मोगऱ्याला ते चांगलं मानवतं. खालांच्या खड्ड्यातलं पहिलं खत नोव्हेंबरात निघालं, त्यातलं पाटीभर भाभींनी कढीपत्त्याला मागून नेलं.