निवाऱ्याची किल्ली कोणाकडे?

29 ऑक्टोबर 1999 रोजी ओडिशात पारादीपजवळ महाचक्रीवादळ धडकलं. हवामान खात्याचा इशारा आलेला होता, तरी जवळपास दहा हजार माणसं गेली. जगतसिंहपूर जिल्ह्यातल्या एरसमा भागात समुद्र गावंच्या गावं गिळत आत घुसला. इशारा ऐकून जायचं कुठे? रेड क्रॉसचे निवारे होते, पण मोजकेच.

त्या काळी केंद्रात नैसर्गिक आपत्ती हा कृषी मंत्रालयाचा विषय. आधी नुकसान, मग पंचनामा, मग मदत, असा सगळा दुष्काळी खाक्या. ओडिशाने त्याच डिसेंबरात आपत्तीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केलं. देशाचा कायदा व्हायला 2005 उजाडलं, तोही त्सुनामीचा तडाखा बसल्यावर.

ओडिशाने पुढे किनाऱ्यावर शेकडो निवारे बांधले. खांबांवर उचललेली इमारत, खाली मोकळी जागा, वर मोठी दालनं, म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी चढायला रॅम्प. यातली खरी हुशारी बांधकामात नाही. यातल्या बऱ्याच इमारतींत एरवी शाळा भरते, त्यामुळे त्या वापरात राहतात. नाहीतर सरकारी इमारतीला कुलूप लागलं की आत काय होतं, हे सांगायला नको! देखभालीला गावचीच समिती असते. कोणी दवंडी द्यायची, कोणी अंथरुणाला खिळलेल्यांना उचलायचं, याची रंगीत तालीम होते.

2013 च्या फायलिन चक्रीवादळाच्या वेळी सुमारे दहा लाख लोक हलवले गेले, 2019 च्या फनीच्या वेळी बारा लाख. फनीत 64 जण दगावले. 1999 च्या आकड्याशेजारी हा ठेवून पाहावा.

जीव वाचले, संसार मात्र नाही. फनीनंतर पुरीत कित्येक दिवस वीज नव्हती. आपल्याकडेही 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा मनुष्यहानी थोडकी झाली. पण श्रीवर्धन, मुरूडच्या वाड्यांत पोफळी मुळासकट आडव्या झाल्या. नवी पोफळ धरायला पाच-सात वर्षं लागतात. तोवर वाडीवाल्याने खायचं काय, याचं उत्तर पंचनाम्यात मिळत नाही.

कोकणातल्या वाचकांनी येत्या ग्रामसभेत दोन प्रश्न जरूर विचारावेत: आपल्या गावचा निवारा कोणता, आणि त्याची किल्ली रात्री दोन वाजता कोणाच्या घरी मिळेल?